विमानमळ्याचा स्टोव्ह

१

सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला विमानमळा नावाची वस्ती आहे. नाव ऐकून तिथे विमानं उतरत असतील अशा समजुतीने येणाऱ्याची फजिती होते. तिथे द्राक्षबागा आहेत, सातवीपर्यंतची शाळा आहे आणि एका बांधावर काळ्या दगडाचं स्मारक आहे. एकोणचाळीस वर्षांपूर्वी हवाई दलाचं मालवाहू विमान हवेतच पेटलं आणि इथल्या मळ्यात कोसळलं. आतले पाचही जण गेले. वस्तीतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ही वस्ती पाच परक्या माणसांसाठी पाच ताटं वाढते. यात कधी खंड पडलेला नाही.

यंदा मात्र कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या काचेच्या कपाटातून स्टोव्ह नाहीसा झाला. साधासुधा स्टोव्ह नव्हे. गावाच्या मते याच स्टोव्हने ते विमान पेटवलं होतं.

धम्मपाल गांगुर्डे यांना फोन आला तेव्हा ते नाशकात, द्वारकेजवळच्या आपल्या घरी, जेवणाच्या ताटावर वाकून मटकीची उसळ हुंगत होते. चौतीस वर्षं अग्निशमन दलात काढून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. कुठल्या आगीत काय जळलं हे ते नुसत्या वासावरून सांगत. सवय इतकी अंगात मुरलेली की विमलाबाई चारचौघांत सांगायच्या, "लग्नात मी हार घातला, तर ह्यांनी आधी तो हुंगला."

फोनवर सृष्टी होती. इंजिनीअरिंगची चार वर्षं ही मुलगी त्यांच्या वरच्या खोलीत राहिलेली. महिन्यापूर्वी तिची हवाई दलात अधिकारी म्हणून निवड झाली, तेव्हा धम्मपालांनी सगळ्या कॉलनीला पेढे वाटले होते.

"काका, उद्या माझा सत्कार आहे ना, त्या स्मारकापाशी..."

"ठाऊक आहे. विमलने साडीसुद्धा काढून ठेवलीय."

"काका, स्टोव्ह चोरीला गेलाय. आणि सगळे म्हणतायत, आमच्याच घरच्यांनी नेला."

धम्मपालांनी घास खाली ठेवला. सृष्टीचे आजोबा गोटीराम त्या काळी विमानतळावर माल चढवायला रोजंदारीने जात. त्या दिवशीही त्यांनीच माल चढवला होता. बहिणीसाठी त्यांनी गुपचूप रॉकेलचा स्टोव्ह विमानात ठेवला, तो पेटला आणि पाच जीव गेले, अशी वस्तीतली कहाणी. पोलीस आले नाहीत, खटला झाला नाही. पण गोटीराम एकोणचाळीस वर्षांत एकदाही स्मारकाकडे फिरकले नव्हते.

"आजोबा उद्या पहिल्यांदा येणार होते," सृष्टी म्हणाली. "नातीसाठी. महिनाभर मनवलं मी त्यांना. आता म्हणतात, 'आलो तर चोर म्हणून येईन, नाय आलो तरी चोरच. मग घरी बसलेला बरा.' काका, ते नसतील तर मी तो हार घेणारच नाही."

"कार्यक्रम किती वाजता?"

"सकाळी दहा."

धम्मपालांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजत आले होते. "विमल," ते उठत म्हणाले, "उसळ डब्यात भर. एका आगीवर जाऊन येतो. चाळीस वर्षं झाली, अजून विझलेली नाही."

२

शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापक मयूर सर कपाळाला हात लावून बसले होते. वय पस्तिशीचं, उत्साह दांडगा, आणि भाषण तोंडपाठ करायची वाईट सवय. आत्ताही ते उद्याचंच भाषण पुटपुटत होते.

"...डाव्या पंखाने पेट घेतला, ज्वाळांचे लोट उठले, तरीही त्या वीराने विमान गावावरून वळवून... अरे, या या साहेब! काय सांगू, पाहुणे म्हणून हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर येणार आहेत. त्यांना दाखवायचं काय? रिकामं कपाट?"

धम्मपालांनी कपाट पाहिलं. काच शाबूत, कडी नीट लावलेली. कुलूप होतं, पण त्याची किल्ली शेजारच्या खिळ्यावर उघड्यावर टांगलेली. गावाकडे कुलूप हे बहुतेक शोभेलाच असतं. खालच्या फळीवर धुळीत तीन पायांचे तीन ठिपके उमटले होते. त्यांच्या मागे एक जुनं पुठ्ठ्याचं लेबल भिंतीला टेकवून ठेवलेलं: 'विमान दुर्घटनेस कारणीभूत ठरलेला स्टोव्ह.'

"हा स्टोव्ह शाळेत आला कसा?"

"त्या वेळच्या गुरुजींनी ठेवला. लष्कराच्या लोकांनी पंधरा दिवस ते शेत चाळलं म्हणतात. अगदी चाळणीने माती चाळली, एक खिळा मागे ठेवला नाही. ते गेले, आणि मग महिना-दोन महिन्यांनी गुराख्यांना बांधाजवळच्या बाभळीखाली हा सापडला. काळाकुट्ट. तेव्हापासून कुणी हातही लावलेला नाही त्याला."

धम्मपालांनी मान डोलावली. "आज हात लावायचं कारण?"

सर जरा चुळबुळले. "मीच म्हणालो होतो शिपायाला, समई, घंटा, जे काही पितळी आहे ते सगळं लख्ख कर. पण स्टोव्ह नाही हं! स्टोव्ह घास असं मी नव्हतो म्हणालो."

शिपाई चिमाजी दारातच उभा होता. धम्मपालांनी त्याला घेऊन नळाकडे मोर्चा वळवला. नळाच्या ओट्यावर समई आणि घंटा उन्हात झळकत होत्या. मोरीच्या जाळीला चिंचेच्या शिरा अडकलेल्या. बाजूला नारळाच्या काथ्याची चोळवटलेली बोळी पडली होती. धम्मपालांनी ती उचलली आणि अर्थातच हुंगली.

"चिमाजी, ही भांडी तू घासलीस?"

"मी नाय तर कोण? सकाळपासून कंबर मोडली."

धम्मपालांनी त्याच्याशी हात मिळवायला म्हणून हात पुढे केला. चिमाजीची बोटं तंबाखूने पिवळी पडलेली आणि नखांत पंधरा दिवसांचं काळं साचलेलं. धम्मपाल हसले. चिंचेत तास-दोन तास बुडालेला हात असा राहत नाही, हे घरी बायकोने भांडी घासायला बसवलेल्या कुठल्याही नवऱ्याला कळतं.

बोळीवर दोन रंग होते. एका अंगाला हिरवट, म्हणजे समई-घंटेचा. दुसऱ्या अंगाला दाट, तेलकट काजळी. समईला इतकी काजळी कुठून येणार? म्हणजे नाहीसा होण्याआधी स्टोव्ह इथेच, या नळावर, कुणीतरी घासला होता. चोर आधी माल घासून मग चोरतो, असं धम्मपालांनी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

"खरं सांग चिमाजी. कुणाला शाळेत येताना-जाताना पाहिलंस?"

चिमाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सायेब, नाव माझं सांगू नका. बारा वाजता भिकन आला व्हता. गोटीरामबाबाचा पोरगा. पोत्यात काहीतरी मोठं गुंडाळून मोटारसायकलला बांधलं आन् गेला. मी इचारलं, तर म्हणतो कसा, 'तू बघितलंस हे कुणाला बोलू नको.'"

३

भिकन द्राक्षबागेत भेटला. पन्नाशीचा रांगडा गडी, सृष्टीचा बाप. पोत्याचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही पण तेच इचारायला आले?" तो म्हणाला. "चला घरी. दाखवतो काय चोरलंय ते."

घरात त्याने कोपऱ्यातलं पोतं ओढलं. आतून निघाली एक भलीमोठी परात, शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली.

"लाडू करायचे व्हते. शेंगदाण्याचे, उद्यासाठी. बाबांनी सांगितलं, पण कुणाला कळू द्यायचं नाय म्हणाले. का ते त्यांनाच ठावं. आता तर तेपण नको म्हणतात."

गोटीराम मागच्या पडवीत खाटेवर बसले होते. वय सत्त्याहत्तर, अंगकाठी बारीक पण ताठ. शेजारी कोऱ्या फेट्याची घडी होती, तिला त्यांनी अर्धवट वर्तमानपत्र गुंडाळलं होतं. सृष्टी खाटेच्या पायथ्याशी, शाळेतल्या पोरीसारखी गुडघे पोटाशी धरून बसलेली.

"बाबा, राम राम. मी धम्मपाल. आगवाला."

"बसा. पोरगी तुमचं लय नाव काढते." म्हाताऱ्याने खाटेवर जागा केली. "पण साहेब, उगाच शोधू नका. गेला तो गेला. चाळीस वर्षं काचेत बसून मला खात व्हता."

"एकदाच सांगा. त्या दिवशी विमानात तुम्ही काय ठेवलं?"

"लाडू." गोटीरामांनी पटकन उत्तर दिलं, जणू एकोणचाळीस वर्षं कुणी हे विचारायची वाट पाहत होते. "माझ्या बहिणीचा नवरा तिकडं लांब, लष्करी ठाण्यावर कामाला. तिनं पत्र धाडलं, भाऊ, स्टोव्ह पाठव, इकडं मिळत नाय. पत्र पोस्टमननं पारावर वाचून दाखवलं, म्हणजे सगळ्या गावानं ऐकलं. पण विमानातला मॅथ्यू म्हणाला, रॉकेलची वस्तू चालत नाय. केरळचा पोरगा तो. मग मी नुसते शेंगदाण्याचे लाडू दिले, फडक्यात बांधून. तो हसला. म्हणाला, 'गोटी, इसमें से एक मेरा.' मी म्हणलं, मोजून दिलेत रे बाबा. परत आलास की तुला येगळा देतो."

बाहेर बागेत पाखरं हाकलायला भिकनने लावलेले डबे वाऱ्यावर खडखडत होते.

"पाचही जण माझ्या वळखीचे व्हते," म्हातारा म्हणाला. "दर आठ-पंधरा दिसांनी यायचे. दगडावर त्यांची नुसती नावं हायेत. गावात कुणाला ठावं नाय, कोण गायचा, कोणाची बायको बाळंतीण व्हती. मला ठावं हाय. आन् मलाच तिथं जायची चोरी."

धम्मपालांनी हळूच विचारलं, "बाबा, तो स्टोव्ह कसा होता? केवढा?"

"मी काय जाणे? मी त्यो कधी बघितलाच नाय."

धम्मपाल ताडकन उभे राहिले. ज्याच्यावर आळ, त्याने पुरावा कधी पाहिला नव्हता. आणि ज्या गावाने आळ घेतला, त्या गावाने तो कधी हातात धरून पाहिला नव्हता. हात काळे होऊ नयेत म्हणून सगळे काचेतूनच पाहत आले. मग आज त्याला चिंच लावणाऱ्या माणसाने असं काय पाहिलं?

४

ऊन उतरायला लागलं होतं. धम्मपाल सृष्टीला घेऊन स्मारकाकडे निघाले. दगडावर पाच नावं आणि खाली ओळ कोरलेली: 'डाव्या पंखाला आग लागली असतानाही ज्यांनी आमचे गाव वाचवले.' धम्मपालांनी ती दोनदा वाचली, डोक्यावरची टोपी काढली आणि अचानक मोठ्याने हसले.

"काका, काय झालं?"

"काही नाही. तुमचं गाव भलतंच गोड आहे. उत्तर दगडावर कोरून ठेवलंय आणि दर वर्षी त्याला हार घालताय."

तिला काही उमगायच्या आत ते पुढे निघाले. बांधाला लागूनच चंद्रभागाबाईंचं घर. पाच ताटांचा स्वयंपाक यंदाही त्यांच्याकडे होता. साठीच्या, ठेंगण्या, गोऱ्या बाई अंगणात लापशीचे गहू निवडत बसल्या होत्या. सृष्टीने वाटेत सांगितलं होतं: काकू लग्न होऊन आल्या आणि चार महिन्यांतच काकांच्या यंत्रमागावरच्या कामासाठी मालेगावला गेल्या. सदतीस वर्षं तिकडेच होत्या. काका वारले तशा दोन वर्षांपूर्वी परत आल्या.

"या सायेब, बसा. चहा टाकू?" बाई म्हणाल्या, पण त्यांनी सृष्टीकडे पाहायचं टाळलं.

धम्मपाल जोत्यावर टेकले. त्यांची नजर सुपावर फिरणाऱ्या हातांवर होती. सांधे दुखतात म्हणून बाया घालतात तशी दोन्ही हातांत तांब्याची वेढी होती. डाव्या हातातलं काळपटलेलं. उजव्या हातातलं सराफाने आत्ताच दिल्यासारखं लखलखत होतं.

"ताई, चिमाजी मोठा कामचुकार आहे बघा," धम्मपाल सहज म्हणाले. "स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारतो."

बाईंचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा गव्हात फिरू लागला.

"विमान पडलं तेव्हा तुम्ही इथेच होता ना?"

"व्हय. लग्नाला तीन महिने झाले व्हते. सासूबाई म्हणाल्या, परकी लेकरं आपल्या रानात गेली, तिसऱ्या दिवशी निवद दाखवायला कोण हाय त्यांना? म्हणून आमी दोघीच गेलो. पहाऱ्यावरचे जवान आधी सोडंनात. सासूबाई हात जोडून रडल्या, तवा बांधाच्या आडोशाला बसू दिलं. लापशी केली, पाच पानांवर वाढली. तिथून पाच ताटांची चाल पडली."

"चूल मांडलीत तिथे?"

"चुलीला नाय म्हणाले. रान वाळलेलं."

धम्मपाल पुढे झुकले. त्यांचा आवाज फार मऊ झाला. "मग ताई, लापशी शिजवली कशावर?"

चंद्रभागाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. गहू अंगणभर झाले. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच सृष्टीकडे पाहिलं.

५

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला स्मारकासमोर मांडव भरला. विमलाबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत. विंग कमांडर साहेब आले, सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, मूळ साताऱ्याकडचे. फक्त गोटीरामांची खुर्ची रिकामी होती.

"सृष्टी," धम्मपाल कानाशी म्हणाले, "आजोबांना जाऊन सांग. तुमचा स्टोव्ह सापडलाय, आगवाल्याने ओळख पटवायला बोलावलंय."

"तुमचा म्हणू? काका, ते भडकतील!"

"भडकू देत. माणूस रागाने तरी घराबाहेर पडतो."

दहा मिनिटांत गोटीराम काठी आपटत मांडवात शिरले. मागून भिकन आणि सृष्टी धावत. फेटा अर्धाच बांधलेला, शेमला पाठीवर लोंबतोय. "कुठंय? आणा माझ्यापुढं! माझा नाय म्हणून चारचौघांत सांगतो, मग खुशाल फासावर द्या!"

"बसा बाबा. तेच सांगायला बोलावलंय." धम्मपालांनी माईक हाती घेतला. टेबलावर टॉवेलखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"मंडळी, मी नाशकाचा आगवाला. मला एवढंच कळतं, की आग खोटं बोलत नाही, माणसंच घाईत ऐकतात. मयूर सर, तुमच्या भाषणाची पहिली ओळ म्हणा बघू."

सर सावरून उभे राहिले. "डाव्या पंखाने पेट घेतला..."

"बस्स. दगडावरही तेच कोरलंय. ज्यांनी त्या दिवशी वर पाहिलं, त्या सगळ्यांनी हेच पाहिलं. आता मला सांगा, माल पंखात भरतात की पोटात? बाबांनी पोटात ठेवलेला स्टोव्ह पेटला, आणि आग आधी बाहेर पंखावर गेली? मागच्या खोलीतला चहा उतू जाऊन रस्त्यावरचा खांब पेटला, असं कधी झालंय का?"

मांडवात कुजबुज सुरू झाली.

"दुसरं. लष्कराने शेताची माती चाळली. खिळा सोडला नाही म्हणता, आणि एवढा स्टोव्ह सोडला? सोडला, कारण तो शेतात नव्हताच. बांधावर होता, बाभळीखाली. विमानाबरोबर पडलेला नव्हता, नंतर कुणीतरी आणून ठेवलेला होता."

त्यांनी टॉवेल उचलला. लखलखीत पितळी स्टोव्ह उन्हात असा झळकला, की पुढच्या रांगेने डोळे मिचकावले. धम्मपालांनी पंपाची दांडी फिरवून बाहेर ओढली आणि टोकाला असलेला चामड्याचा वायसर चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

"स्टोव्हवर स्वयंपाक केलेल्या आयाबहिणींना हा ठाऊक आहे. वाळला की गोडेतेल लावून मऊ करायचा. त्या आगीत विमानाचा पत्रा मेणासारखा वितळला. मग हा बोटभर चामड्याचा तुकडा जळायला नको? वाळलाय, पण साधी करपही नाही. हा स्टोव्ह विमानात कधी बसलाच नाही!"

"मग काळा कशानं झाला व्हता?" मागून चिमाजीने विचारलं.

"ते मी सांगते."

चंद्रभागाबाई उठल्या होत्या. आवाज खणखणीत होता.

"काळा माझ्या हातानं झाला. लापशी शिजवताना पंप जास्त मारला, त्यो भडकला. पहाऱ्यावरचा जवान धावत आला, वाळू टाकली आन् आमाला पिटाळलं. घरी आल्यावर मी म्हणलं, स्टोव्ह राहिला. सासूबाई म्हणाल्या, मयताच्या निवदाला नेलेली वस्तू घरात परत आणू नये. म्हणून तिथंच सोडला. महिन्यानं आमी सासूबाईंसकट मालेगावला गेलो. इकडं काय झालं, मला काय ठावं? परत आल्यावर ऐकलं, गोटीरामभाऊंच्या स्टोव्हनं विमान पेटलं. मला वाटलं, असंल कुठला. काल ताटं न्यायला शाळेत गेले, तर चिमाजीनं माझ्यापुढं भांड्यांचा ढीग टाकला, त्यात ह्यो व्हता. चिंच लावली आन् हे वर आलं."

त्यांनी पुढे येऊन स्टोव्ह फिरवला. टाकीवर ठिपक्याठिपक्यांनी, लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं, नाव घातलेलं होतं. सृष्टीने मोठ्याने वाचलं: "चि. सौ. कां. चंद्रभागा हिस, भाऊ चंदर याजकडून सप्रेम भेट."

"मी घाबरले," बाई म्हणाल्या. "माझी वस्तू, आन् पाप दुसऱ्याच्या माथी. चाळीस वर्षं! तोंड कसं दाखवू म्हणून घरी नेला, कणगीत लपवला. सायबांना कालच म्हणलं, एकट्या गोटीरामभाऊंना सांगून भागायचं नाय. बोभाटा गावभर झाला, तर खरंपण गावभर होऊ द्या. भाऊ, माफ करा मला."

तेवढ्यात विंग कमांडर घसा खाकरत उठले. "मला एक कळत नाही. चौकशीचा निकाल त्याच वर्षी लागला होता. डाव्या इंजिनाची इंधनाची नळी फुटली आणि उडत्या विमानात आग लागली. मालाचा काहीच संबंध नव्हता. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"आमाला कुणी सांगितलंच नाय!" चारपाच जण ओरडले.

"तुम्ही कुणी विचारलंच नाही," विंग कमांडर म्हणाले.

मग सगळे एकदम बोलू लागले. चिमाजी भिकनचे पाय धरायला धावला, भिकनने त्याला उचलून मिठीच मारली. मयूर सरांनी भाषणाचा कागद टराटरा फाडला. भाषण एकदाचं टळलं म्हणून दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

गोटीराम मात्र स्टोव्हपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी त्यावरून हात फिरवला, खालून वरून पाहिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"चंद्राबाई," ते म्हणाले, "ह्यो पेटतो का अजून?"

एवढंच पुरे होतं. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, पण चिमाजीकडे निघालं. कुठून, ते कुणी विचारलं नाही. विमलाबाईंनी वायसरला तेल चोळलं, पिन कुणाच्या तरी फळीवर सापडली. चंद्रभागाबाई पदर खोचून बसल्या. दोनदा नुसता फुसफुसला. तिसऱ्यांदा भर्रर्र आवाज करत निळी ज्योत उठली आणि अख्ख्या विमानमळ्याने टाळ्या वाजवल्या. चहाचा पहिला कप गोटीरामांना मिळाला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"कसा झालाय, भाऊ?"

"साखर कमी हाय," म्हातारा म्हणाला, आणि ढसाढसा रडला, आणि रडता रडता हसायला लागला.

सत्कार व्हायला साडेअकरा वाजले. सृष्टीने हार आजोबांच्या हातून घेतला. मग पाच ताटं वाढायची वेळ आली, तसे गोटीराम काठी न घेता दगडापाशी गेले. एकेका नावावर बोट ठेवून सांगू लागले: हा गायचा, याला मुलगी झाली होती, तिला त्याने पाहिलंच नाही, हा पत्ते खेळताना चोरी करायचा. गाव माना पुढे काढून ऐकत होतं. चाळीस वर्षं नुसती नावं होती, आज माणसं झाली.

शेवटच्या नावापाशी ते थांबले. भिकनने न सांगता खिशातून फडक्याची पुरचुंडी काढून त्यांच्या हातात दिली. बाबा नको म्हणाले तरी त्याने पहाटे उठून लाडू वळले होते.

गोटीरामांनी त्यातला एक निवडला, सगळ्यांत मोठा, आणि मॅथ्यूच्या नावाखाली अलगद ठेवला.

"घे रे बाबा," ते म्हणाले. "ह्यो तुझा येगळा."